दगडूबा मिस्त्रींच्या बाळंतिणी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, सांभाळून घ्या. दगडूबा मिस्त्रींनी ही वही पाहिली तर मजकूर बाजूला राहू देतील, आधी ओळी सरळ आहेत का बघायला त्यांवर पाणसळ ठेवतील.

मिस्त्री नव्या पायापाशी कुजबुजत बोलतात. माजलगावजवळच्या आमच्या साखर कारखान्यात ते यंत्रांचे पाये ओततात आणि मी त्यांच्या हाताखाली पाणी मारते. ओतलेल्या काँक्रीटवर गोणपाट अंथरायचं आणि ते सुकू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. या कामाला त्यांना बोलकी बाई चालत नाही. मला चारचौघांत तोंड उघडायचीच लाज, म्हणून मी टिकले.

एकदा नवे साहेब बूट वाजवत आले आणि लांबूनच म्हणाले, "काय मिस्त्री, कुठवर आलं?"

मिस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, साहेब. बाळंतीण हाय."

साहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी पिकल्या केसांची, हातात पाण्याचा पाइप. साहेब गोंधळले आणि मला सावलीत बसायला सांगू लागले. मिस्त्रींनी गोणपाटाचा कोपरा उचलून खालचं ओलं काँक्रीट दाखवलं. "ही."

मग नियम सांगितले. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही आणि सव्वा महिना डोक्यावर वजन द्यायचं नाही. कुणी म्हटलं, वरून तर दगड झालंय की, तर म्हणत, "वरून समद्याच उभ्या दिसत्यात. तडा आतून जातो."

पाया पक्का झाला की त्यावर यंत्र बसतं. यंत्राखाली बोटभर फट ठेवलेली असते, तिच्यात ग्राउट ओततात, म्हणजे सिमेंटचं पातळ कालवण. हे कालवण मिस्त्री एकाच बाजूनं ओतू देतात. आतली हवा पलीकडून निघून जाते. दोन्हीकडून ओतलं तर हवा मध्ये कोंडते आणि तेवढी जागा पोकळ राहते. या नियमापायी लग्नाच्या पंगतीतही ते वाढप्याचा हात धरतात. "वरण एकाच अंगानं वाढ रं. भातात हवा कोंडती."

नवं यंत्र पहिल्यांदा फिरतं तो त्यांचा सण. त्या दिवशी ते पायावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवतात. पाणी सांडलं नाही तरच जेवतात. बाकी त्यांना ना सण ना वार. गेटाजवळच्या खोलीत एकटे राहतात. घरी कोण असतं विचारलं तर म्हणतात, "पाये हायती की."

औंदा ऊस पिळायच्या मोठ्या मिलचा पाया झाला. मिल बसली, ग्राउट झालं, आता फक्त गाळप सुरू व्हायचं होतं. मिस्त्रींनी पेला घासून ठेवला होता.

तेवढ्यात माझ्या घरी वेगळंच घडलं. माझी रेखा पहिल्या बाळंतपणाला आलेली. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी आष्टीहून जावई आले. ऊसतोडीची टोळी निघत होती. मुकादमाशी बोलणं जोडीचं असतं. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार.

"मामी, ही न्हाई आली तर मला एकट्याला कुनी घेत न्हाई," जावई खाली मान घालून म्हणाले. माणूस वाईट नाही. रेखा मुकाट्यानं बाळाची दुपटी गोळा करू लागली. तिला उठताना भिंत धरावी लागत होती. मी बाळाला मांडीवर घेतलं.

मिस्त्री दारात उभे होते. बाळाला वारं लागू नये म्हणून दाराला बांधायला नवं गोणपाट घेऊन आलेले.

"जावईबापू, बाळंतीण हाय," ते नेहमीसारखंच हळू म्हणाले.

"मला कळत न्हाई का, मिस्त्री? पर जोडी कुठून आनू?"

"सव्वा महिना मी येतो."

जावयांना हसू आलं. "मोळ्या डोक्यावर घ्याव्या लागत्यात. बायांचं काम हाय ते. टोळी हसंल तुमाला."

"हसू दे. हळू हसा म्हनावं."

तेव्हा कुठं मला बोलता आलं. "आन् मिल? पेला कोन ठेवनार?"

मिस्त्रींनी गोणपाटाची घडी घातली. "शांताबाई, आमच्या मंडळीची पाचवी पुजली आन् दुसऱ्या दिशी तिला उसाच्या फडात नेली. मीच नेली. वरून उभी दिसत व्हती."

जावई उठले, मिस्त्रींच्या हातातलं गोणपाट घेतलं आणि दाराला बांधू लागले.

गाळपाच्या दिवशी मी पेला घेऊन गेले. एवढ्या पुरुषांत मी कधी पुढं झाले नव्हते. साहेबांनी मला पाहिलं. गड्यांकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. मिल धडधडत सुरू झाली. पेल्यातलं पाणी थरथरलं, काठाशी आलं आणि तिथंच राहिलं.

घरी येऊन शेजारणीकडून मिस्त्रींचा नंबर लावून घेतला. पलीकडे वारा होता, कोयते चालले होते, कुणीतरी हसत होतं.

"मिस्त्री, पानी सांडलं न्हाई. एक थेंब न्हाई. तुमी जेवलाव का?"

"न्हाई अजून. तुज्या फोनची वाट बगत व्हतो." मग थोडं थांबून, "आन् बाळंतीण?"

"बाळाला घिऊन निजलीय."

"मग हळू बोल की, शांताबाई."