बेचाळीस आसनं भरली

विमानतळ शहराबाहेरच असावा लागतो, हे तत्त्व जगभर मान्य झालेलं आहे. (शहरात असता तर उतरलेला माणूस सरळ घरी गेला असता आणि प्रवासाला काही गांभीर्यच उरलं नसतं.) मुंबईपासून भोपाळपर्यंत किती वेळ लागावा, हे विमान कंपनी ठरवते. भोपाळच्या विमानतळापासून भोपाळपर्यंत किती लागावा, हे मात्र लोकशाहीत नागरिकांनी ठरवायचं असतं. नरहरराव खानझोडे यांनी हा अधिकार पुरेपूर बजावला.

नरहरराव सोनागिरीला राहत. शेजारच्या सरकारी कारखान्याच्या वाहतूक विभागातून ते निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी कामगारांच्या पाळीच्या बसगाड्या सोडल्या. पहाटे नऊ हजार माणसं अंथरुणातून उचलून सहाच्या ठोक्याला यंत्रांपुढे उभी करायची, हे काम त्यांनी असं केलं की वसाहतीत लोक बस पाहून घड्याळं लावत. (पुढे नऊ हजारांचे तीन हजार झाले आणि त्या तिन्ही हजारांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या. तरी बस वेळेवरच सुटत राहिली. रिकामी बस तर जास्तच वेळेवर सुटते.) नऊ हजार माणसं नेता येतात, तर विमानातून उतरलेलं एक माणूस घरी का आणता येऊ नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

ते एक माणूस म्हणजे त्यांची मुलगी कांचन. ती मुंबईला नोकरी करी आणि वर्षातून दोनदा, एकेका दिवसासाठी, सकाळच्या विमानाने येऊन संध्याकाळच्या विमानाने परत जाई. तिच्या आईची, कमलिनीबाईंची, फार दिवसांची एकच इच्छा होती. विमानतळाच्या दाराशी उभं राहायचं आणि पोरीला बाहेर येताना पाहायचं. गुडघ्यांमुळे त्यांना स्कूटरवर बसता येत नव्हतं आणि टॅक्सी नरहररावांच्या तत्त्वात बसत नव्हती. "जन्मभर बस सोडलेल्या माणसाने टॅक्सी करायची म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून जिलबी आणायची," असं ते म्हणत.  कमलिनीबाई घराच्या फाटकाशी उभं राहून पोरीची वाट पाहत.

तेव्हा नरहररावांनी विमानतळावरून शहरात येणाऱ्या बससाठी निवेदन तयार केलं. वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत ते उपम्याच्या पातेल्याशेजारी ठेवण्यात आलं आणि सही केल्याशिवाय बशी मिळणार नाही, असा नियम झाला. चारशे अकरा सह्या जमल्या. (मंडळाचे सभासद तीनशे सहा. काहींना उपमा फार आवडला.)

निवेदन सर्वांचं, म्हणून मार्गही सर्वांचा. वर्षाचा गहू भरणाऱ्यांनी करोंदचा धान्यबाजार मागितला, सोनागिरीकरांनी सोनागिरी, एका सभासदाने मुलाच्या शिकवणीचा चौक आणि दुसऱ्याने सासऱ्यांच्या घराजवळचा दवाखाना. हे सगळं करून बस शेवटी टी. टी. नगरला, म्हणजे शहरात, जाणार होती. तलावाच्या काठाने सरळ निघालेला माणूस तिथे अर्ध्या तासात पोहोचतो. बसला दोन तास दहा मिनिटं लागणार होती. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं एका सभासदाने विचारलं, तेव्हा दवाखान्याचा वळसा त्याच्याच सासऱ्यांसाठी आहे, हे नरहररावांनी इतिवृत्त उघडून दाखवलं.

सात वर्षांनी बस सुरू झाली. पेढे वाटले गेले. पहिल्या चार महिन्यांत दर फेरीला सरासरी एक पूर्णांक सहा दशांश प्रवासी मिळाले. (त्यातला पूर्णांक म्हणजे विमानतळावरचा झाडूवाला.) मग खात्याचं पत्र आलं. अमुक तारखेला विमानतळावरून सुटणाऱ्या सकाळच्या फेरीची पाहणी होईल. बेचाळीसपैकी किमान चाळीस आसनं भरलेली नसली तर सेवा बंद करण्यात येईल.

ती तारीख कांचनच्या येण्याचीच होती, आणि बस सुरू झाल्यापासूनची तिची ती पहिलीच खेप. नरहररावांना हा शुभशकुन वाटला. त्यांनी तातडीची सभा बोलावली. बस वाचलीच पाहिजे, यावर एकमत झालं. चाळीस सभासदांनी नावं दिली. नरहरराव आणि कमलिनीबाई धरून बेचाळीस. यादी टंकलिखित झाली आणि तिच्याखाली नरहररावांनी समन्वयक म्हणून सही केली.

"आपल्या सोनागिरीहून विमानतळाला जाणारी बस साडेसातला आहे," नरहरराव म्हणाले. "तिनेच जाऊ या. दोन्ही फेऱ्या भरतील."

 मंडळाचे चिटणीस शांताराम उठले.

"नरहरराव, भावनेच्या भरात जाऊ नका. उद्या बस वाचवायची आहे. अशा दिवशी बसच्या भरवशावर राहून कसं चालेल?"

टाळ्या झाल्या. हा मुद्दा इतका बिनतोड होता की नरहररावांनी तो स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये दोनच प्रवासी होते. कमलिनीबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसून खिडकीशी बसल्या. करोंदला पोत्यांच्या थप्प्या बघून म्हणाल्या, "चाळीस वर्षं इथे राहते हो, पण हे बघितलंच नव्हतं." बस वेळेवर पोहोचली. खिडकीजवळच्या आसनावर रुमाल टाकून त्या काठी टेकत विमानतळाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि नरहरराव बसथांब्यावर हजेरी घ्यायला गेले.

सभासद हजर होतेच. सतरा मोटारी आणि नऊ स्कूटरी शिस्तीत लागल्या होत्या. एवढी वाहनं एका वेळी पाहून पहारेकऱ्याला कोणी मंत्री येत असल्याचा संशय आला. बसमध्ये जागाही धरून झाल्या होत्या. पाळीच्या बसमध्ये आसनावर रुमाल टाकला की ते आसन निवृत्तीपर्यंत आपलं, ही कारखान्याची जुनी रीत. पुढच्या रांगेत अधिकारी, मधे कारकून, मागे तंत्रज्ञ, असे सगळे आपापल्या शेवटच्या हुद्द्यावर जाऊन बसले.

दहा वाजता विमानातली माणसं बाहेर आली. कमलिनीबाईंनी कांचनला पाहिलं. कांचनने आईला पाहिलं आणि बॅग तिथेच सोडून ती धावली. "आई! तू? इथे? कशी आलीस?"

"बसने," कमलिनीबाई म्हणाल्या आणि रडल्या. बस सुरू झाल्यापासून तिची एवढी थोरवी कोणी गायली नव्हती.

दोघी थांब्यावर आल्या. त्यांच्यामागे बॅगा घेतलेली आणखी सहा माणसं होती. शहरात बस जाते, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं.

"मॅडम, सीट नहीं है," कंडक्टर म्हणाला. मग पाहणीचा कागद भरत असलेल्या खात्याच्या सरोज मॅडमकडे वळून म्हणाला, "क्या बताऊँ, ये सब समर्थक बैठे हैं. पॅसेंजर तो बाहर खड़े हैं."

सरोज मॅडमनी ते लिहून घेतलं.

"बाबा, कोणाला तरी उठवा ना," कांचन म्हणाली.

नरहररावांनी यादी पाहिली. यादीत कांचनचं नाव नव्हतं. "उभं राहून चालणार नाही गं, पाहणीत फक्त बसलेले मोजतात. आणि यादी आधीच खात्याकडे गेली आहे." चौतीस वर्षांत त्यांनी कधी वशिल्याने कोणाला बसवलं नव्हतं.

कमलिनीबाईंनी खिडकीजवळच्या आसनावरचा आपला रुमाल उचलला. "मी पोरीला न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "बसला तुम्ही न्या."

दोघी टॅक्सीत बसून गेल्या. एक आसन रिकामं झालं. बॅगवाल्या सहा जणांपैकी एकाने पायरीवर पाय ठेवला, पण तोही यादीत नव्हता. शेवटी शांतारामांच्या ड्रायव्हरला मोटारीतून बोलावून तिथे बसवण्यात आलं आणि बेचाळीस आसनं भरली.

बस निघाली. शिकवणीचा चौक झाला, दवाखाना झाला. सोनागिरीत प्रत्येकाचं घर खिडकीतून दिसलं, पण कोणी उतरलं नाही, कारण सगळ्यांच्या गाड्या विमानतळावर होत्या. नरहररावांनाही आपलं फाटक दिसलं. दारात टॅक्सी उभी होती. उतरावंसं त्यांना फार वाटलं. पण समन्वयक मधेच उतरला तर पाहणी अपुरी राहील, म्हणून ते बसून राहिले. टी. टी. नगरला उतरल्यावर विमानतळाकडे परत जाणारी बस पाच वाजता आहे, असं कळलं. एकेचाळीस जणांनी अकरा टॅक्स्या केल्या. नरहरराव दोन बस बदलून घरी पोहोचले, तेव्हा पावणेचार झाले होते आणि कांचन चपला घालत होती.

"बाबा, चला सोडायला," ती म्हणाली. नरहरराव टॅक्सीत बसले. रस्ताभर पोरीचा हात हातात धरून होते. टॅक्सी तेहतीस मिनिटांत पोहोचली, याचं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाईट वाटलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. भरलेली आसनं बेचाळीस. विमानातून उतरून बसमध्ये बसलेले प्रवासी शून्य. जागेअभावी मागे राहिलेले सात. बससाठी विमानतळावर आलेली खाजगी वाहनं सव्वीस. सबब, नागरिकांना बसची नव्हे, बसपर्यंत येणारी गाडी उभी करायला जागेची गरज आहे. सेवा बंद करून थांब्याच्या जागी वाहनतळ करण्यात यावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं कोणीतरी पुटपुटलं. पण अहवालात एकही आकडा चुकीचा सापडला नाही.

कमलिनीबाई पुन्हा फाटकाशी उभ्या राहू लागल्या. नरहररावांनी या अन्यायाविरुद्ध नवं निवेदन तयार केलं आहे. आपल्यालाही सार्वजनिक वाहतुकीची मनापासून कळकळ आहेच. नसती तर आपण हे इथवर वाचलं नसतं. तेव्हा रविवारी सकाळी दहाला सहीसाठी जरूर यावं. उपमा आहे. कसे येणार, हे विचारत नाही. गाडी लावायला जागा ठेवली आहे.