मेंढरांना हाक मारण्याच्या परवानगीबाबत

पिंपळखोरी हे गाव केज तालुक्यात आहे, ही वस्तुस्थिती पिंपळखोरीला कधीच मान्य नव्हती. गावाला स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळावा म्हणून आमची तालुका निर्माण कृती समिती सत्तावीस वर्षं झगडते आहे. सुंदरराव तिचे अध्यक्ष आणि मी चिटणीस. या काळात सहा उपोषणं, चार रास्ता रोको आणि एक निषेधाचं मुंडण झालं. मुंडण माझं होतं. पुढे केस नीट आले नाहीत, पण इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

यंदा मुंबईहून पहिल्यांदाच छापील नमुना आला. लोकसंख्या, अंतर, महसूल हे रकाने आम्ही सवयीने फुगवून भरले. अडलो ते चौदाव्या रकान्यापाशी. 'स्वतंत्र सांस्कृतिक ओळख असल्यास पुरावा जोडावा.' आमची ओळख म्हणजे आम्ही केजचे नाही, एवढीच होती. तिचा दाखला कुठे मिळतो हे तलाठ्यालाही सांगता येईना.

तेव्हा प्रा. गहिनीनाथ पुढे आले. त्यांचा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय राष्ट्रवादावर आहे. महाविद्यालयात त्यांच्या वर्गाला अकरा विद्यार्थी असून त्यातले नऊ गैरहजर असतात. वीस वर्षांत पिंपळखोरीत त्यांना युरोपाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी ते दोन तास बोलले. थोडक्यात असं, की जर्मनी नावाचा देशच तेव्हा नव्हता, एकोणचाळीस संस्थानं होती. मग काही विद्वान खेडोपाडी फिरले, म्हाताऱ्या माणसांकडून गाणी-गोष्टी उतरवून घेतल्या आणि लोकांना कळलं की आपण एक आहोत. फिनलंडमध्ये तर एका डॉक्टरने रोगी सोडून गाणी गोळा केली. आधी गाणं, मग झेंडा, मग सरहद्द, असा क्रम असतो. बेल्जियमचं बंड एका संगीत नाटकाच्या प्रयोगातून उठून लोक रस्त्यावर आले तिथून सुरू झालं.

अठराशे अठ्ठेचाळीस साली निम्म्या युरोपात क्रांत्या झाल्या म्हणता, त्यांचं पुढे काय झालं, असं सुंदररावांनी विचारलं. बहुतेक फसल्या, असं सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"फसंनात," सुंदरराव म्हणाले. "पर नाटकावर देश मिळत आसंल, तर गान्यावर तालुका कावून न्हाई?"

ठराव एकमताने मंजूर झाला. गाणं प्राचीन असावं, मातीतलं असावं आणि त्याचा कवी अज्ञात असावा, अशा तीन अटी ठरल्या. तिसरीवर सरांचा फार जोर होता. लोकगीत लोकांच्या आत्म्यातून आपोआप उगवतं; त्याला एक कुणी कर्ता सापडला, की ते नुसतं गाणं उरतं. दोन महिने आम्ही गाणी गोळा केली. निम्मी सिनेमाच्या चालीवरची निघाली आणि उरलेली केजमध्येही म्हणतात असं निष्पन्न झालं. शत्रूबरोबर सामायिक गाणं कुठलंच राष्ट्र ठेवत नाही.

शेवटी एका संध्याकाळी सर माळावर फिरायला गेले आणि धावत परत आले. तिथे बायनाबाई आपली मेंढरं घरी बोलावत होती. ही धनगराची विधवा म्हातारी. मुलगा सटवा आणि ती मिळून ऐंशी मेंढरं राखतात. ती म्हणत होती:

माळ झाला काळा काळा, दिस गेला डोंगराला,
मागं राहिल्या लेकरा, ये रं आपल्या कळपाला.

सरांचे डोळे भरून आले होते. काळा माळ म्हणजे सध्याची प्रशासकीय व्यवस्था, मागं राहिलेलं लेकरू म्हणजे पिंपळखोरी आणि कळप म्हणजे होऊ घातलेला तालुका, असा अर्थ त्यांनी वाटेतच लावला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही गाणं उतरवून घ्यायला तिच्या मेंढरांच्या वाडग्यावर गेलो. हे किती जुनं, असं सरांनी विचारलं. बारा वर्सांमागं एक लंगडं कोकरू सारखं मागं पडायचं, त्याच्यासाठी मीच केलं, असं ती सहज सांगून बसली. सरांची लेखणी थांबली.

"आजी, तुम्ही केलं असं तुम्हाला वाटतं," ते फार मायेने म्हणाले. "खरं म्हणजे ते समाजाने तुमच्या तोंडून केलं."

"मंग कोकरू बी समाजाचंच व्हतं का?" बायनाबाईने विचारलं.

अहवालात आम्ही 'काळ: प्राचीन, कवी: अज्ञात' असं लिहिलं. अक्षर माझं आहे.

गाणं पिंपळखोरीचं गौरवगीत झालं. ते कानावर पडताच प्रत्येकाने सावधान उभं राहावं आणि संपेपर्यंत हालचाल करू नये, हा नियमही मीच लिहिला. शाळेत, ग्रामसभेत, रेशनच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात लोक उभे राहू लागले. छाती भरून यायची, हे नाकारता येणार नाही. अडचण एवढीच झाली, की बायनाबाई रोज संध्याकाळी तेच गाणं म्हणत वेशीवरून यायची आणि शेवटचं मेंढरू येईपर्यंत थांबायची नाही. गाव जिथल्या तिथे उभं. तव्यावरच्या भाकरी करपायच्या, केजची एसटी वळणावर खोळंबायची. एके दिवशी एक मेंढा रुसून माळावर बसला आणि सुंदरराव न्हाव्याच्या दुकानात पंचवीस मिनिटं अर्ध्या दाढीने उभे होते.

त्याच रात्री विनियमन पत्रक निघालं. गौरवगीत म्हणायचं असल्यास तीन दिवस आधी अर्ज करावा, कार्यक्रमाचं स्वरूप आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव लिहावं. सटवाने आईच्या वतीने अर्ज केला. कार्यक्रमाचं स्वरूप: मेंढरं घरी आणणे. प्रमुख पाहुणे: न्हाईत. गौरवगीताचा जनावरांसाठी वापर हा अस्मितेचा अवमान ठरतो, या कारणाने अर्ज फेटाळला गेला आणि बायनाबाईला मनाईची नोटीस बजावली.

सटवाने शिट्ट्या मारल्या, डबा वाजवला, मोबाइलवर दुसरी गाणी लावली. मेंढरं माना वर करून बघायची आणि पुन्हा चरायची. अंधार पडेपर्यंत निम्मी माळावरच राहायची. आठवड्यात लांडग्याने तीन नेली. तेव्हा बायनाबाई समितीच्या बैठकीत आली आणि दारात घोंगडं टाकून बसली. गाणं तुझं आहे असं सिद्ध झालं, तर चौदावा रकाना रिकामा होतो आणि सत्तावीस वर्षं पाण्यात जातात, हे सरांनी तिला समजावलं. गाणं तुझं नसेल, तर ते रोज म्हणायचा तुला हक्क नाही, हे मी समजावलं. तिने दोघांचं नीट ऐकून घेतलं.

"गानं तुमचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला निस्ती हाक मारू द्या."

सुंदरराव खजील झाले असावेत, कारण ते एकदम प्रेमाने बोलले. "मारा की मावशी. चाल बदलून मारा."

ती उठून गेली. मला वाईट वाटलं. ठरावात ते घेतलेलं नाही.

प्रस्ताव तपासणारं मुंबईचं पाहणी पथक सकाळी अकराला यायचं होतं. रिवाजाप्रमाणे ते संध्याकाळी साडेपाचला आलं. मांडवात प्रस्तावाच्या तीन प्रती तांबड्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. शाळेच्या मुलींनी कर्ण्यावरून गौरवगीत सुरू केलं आणि पथकासह सगळे उभे राहिले. कर्णा मोठा होता. आठवडाभर मुकी झालेली हाक माळावर पोचली आणि सगळी मेंढरं टेकडी उतरून धावत मांडवात शिरली.

कुणी हललं नाही. नियम स्पष्ट होता. मेंढरांनी आधी पाहुण्यांचे हार खाल्ले, मग कमानीची केळ, मग तांबडं फडकं उलगडून प्रस्ताव. गहिनीनाथ सरांचं युरोपावरचं एकोणीस पानी परिशिष्ट एका मेंढीने त्यांच्या देखत चावून चावून संपवलं. सरांनी डोळे मिटून घेतले, हात मात्र मांडीला चिकटलेलेच होते. मुलींचं गाणं संपलं, पथकप्रमुख बसायला टेकणार, एवढ्यात कळपामागून आलेल्या बायनाबाईला एक कोकरू कमी दिसलं. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून तिने जुन्या चालीवर गाणं पुन्हा धरलं. पथकप्रमुख पुन्हा ताठ झाले. तिला अडवायचं तर कुणीतरी हलायला हवं होतं. दहा मिनिटांनी बांधावरून कोकरू आलं. तिने गाणं थांबवलं आणि मेंढरं घेऊन ती घरी गेली.

आम्ही समजलो, सगळं संपलं. पण पथकाचा अहवाल फार चांगला आला. 'येथील अस्मिता पशुधनापर्यंत झिरपलेली आहे,' असा त्यात शेरा होता. तालुक्याला तत्त्वतः मान्यता मिळाली. कवी जिवंत असल्याची कुजबुज कानावर आल्याने तेवढं एक प्रतिज्ञापत्र मागवलं होतं. ते मी बायनाबाईच्या नावाने लिहिलं. हे गाणं कोणी केलं ते मला माहीत नाही, यापूर्वीही माहीत नव्हतं. बायनाबाईने सटवाकडून वाचून घेतलं आणि अंगठा दिला. आता तरी हाक मारू का, असं तिने मला विचारलं. आता तर ते अख्ख्या तालुक्याचं झालं, त्यामुळे मुळीच नाही, असं मला सांगावं लागलं. मला लाज वाटली. शिक्का मात्र मीच मारला.

तिने भांडण केलं नाही. टेकडीच्या पलीकडच्या उताराला, गावाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने मेंढरांना दुसरं गाणं शिकवायला घेतलं आहे. एक-दोन ओळखू लागली आहेत, बाकीची अजून बघत राहतात. मी परवा बांधाआड बसून ऐकलं. पहिल्यापेक्षा चांगलं आहे. चिटणीस म्हणून ते गहिनीनाथ सरांना कळवणं माझं कर्तव्य होतं, आणि त्याचे शब्द मी इथे लिहायलाही घेतले होते.

मग खोडून टाकले. ते तुम्हाला आवडलं असतं, आणि आवडल्यावर तुम्ही उभे राहिला असता.