मागची भिंत

आपल्या भाड्याच्या घराला मागची भिंतच नाही, हे कुंडलिकला चहा पिताना कळलं.

भोरात राहायला येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. सकाळी चुलीपुढे बसून तो गुळाचा चहा बशीत ओतत होता. समोरच्या भिंतीतून कुरकुर आवाज आला. उंदीर असेल म्हणून त्याने चुलीतलं लाकूड दोनदा आपटलं. मग भिंतीचा एक गोल तुकडा बाहेरच्या बाहेर ओढला गेला, त्या जागी उजेड आला आणि त्या उजेडात घरमालकीण अंबूबाईचा चेहरा दिसला.

"उठलास व्हय?" अंबूबाई म्हणाली. "म्हनलं निजला असशील, म्हनून हळू काढत हुते."

"काय काढत हुता मावशी?"

"गवऱ्या," असं म्हणून तिने आणखी एक ओढली.

कुंडलिक बशी हातात धरूनच बाहेर गेला आणि घराला वळसा घालून मागच्या गोठ्यात आला. जोत्यापासून वाशांपर्यंत नुसत्या गवऱ्या होत्या. एकीवर एक, सांधा चुकवून, एखाद्या गवंड्याने चिरे बसवावे तशा रचलेल्या. घरातल्या बाजूने शेणामातीचा गिलावा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हात. छप्पर लाकडी मेढींवर उभं होतं, म्हणून ते खाली आलं नव्हतं, एवढंच.

"मावशी, भिंत कुठं हाय?"

"पडली की. मागं एका पावसाळ्यात बसली खाली. मग म्या गवऱ्या रचल्या. गवऱ्यांना आसरा झाला आन घराला भिंत झाली."

"मला सांगितलं न्हाई."

"तू इचारलं न्हाईस. आन गवऱ्यांचं तर सांगितलं हुतं. मागल्या गवऱ्या माझ्या, त्या मी लागतील तशा नेनार, असं म्हनले का न्हाई? तू काय म्हनलास?"

कुंडलिकला आठवलं. तो म्हणाला होता, "तुमच्या गवऱ्या तुमाला लखलाभ." तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे परसातला एक ढीग होता.

आता कुंडलिक काही भोळा माणूस नव्हता. सगळ्या वेल्ह्यात बैल पारखावा तर पासलीच्या कुंडलिकने, असं लोक म्हणत. बैल घ्यायला निघालेला माणूस आधी त्याच्या ओट्यावर येई. भोरातलं घरही त्याने तसंच पारखून घेतलं होतं. समोरून उभं कसं दिसतं ते पाहिलं, उंची पाहिली, मेढी हलवून पाहिल्या आणि शेवटी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी मागच्या भिंतीवर थाप मारली. भिंत पोकळ वाजली आणि हाताला कोरडी, उबदार लागली. पासलीत सगळ्या घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या. त्या थापेला अशाच वाजतात. कुंडलिक खूश झाला. मागे जाऊन पाहणार होता, पण अंबूबाई म्हणाली, "तिकडं म्हस हाय, मारकी." मारक्या जनावराजवळ उगाच जाऊ नये, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने कागदावर अंगठा उठवला आणि वर्षाचं भाडं आंबेमोहोर तांदळाच्या रूपाने आधीच पोचतं केलं. मग पासलीला जाऊन सगळ्यांना सांगितलं की घर बघावं तर असं.

दुसरं घर शोधणं शक्य नव्हतं. त्याला घर नुसतं नको होतं, अंबूबाईच्या शेजारचंच हवं होतं. अंबूबाई भोरातली नावाजलेली सुईण होती. कुंडलिकची एकुलती एक लेक फुलाबाई भोंगवलीला दिली होती आणि तिला श्रावणात दिवस भरणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण फुलाची आई सगुणा संक्रांतीच्या आसपास तापाने गेली, आणि फुलाची सासू धोंडाबाई दहाव्यालाच बोलली होती, "आई न्हाई तिथं म्हायेर कसलं? त्यात पासलीला पावसाळ्यात वाट बंद. पोर आमच्याकडंच बाळंत हुईल."

कुंडलिकने मान वर करून सांगितलं होतं, "इनबाई, पोरीची आई मेली. म्हायेर मेलं न्हाई."

हे वाक्य साऱ्या पंगतीने ऐकलं होतं. सगुणा असती तर तिनेही हेच म्हटलं असतं, फक्त जरा मोठ्याने. तेव्हा अंबूबाईशी भांडून चालणार नव्हतं, आणि भिंत तर रोज सकाळी थोडी थोडी चुलीत जात होती.

"मावशी, निदान चुलीसमोरच्या नका काढू," त्याने विनवलं. "कोपऱ्यातल्या काढा."

"कोपऱ्यातल्या काढल्या तर कोपरा ढासळंल. रचलेल्या गवऱ्यांचा हुडवा कसा काढायचा ते मला शिकवतोस व्हय?"

शेवटी असं ठरलं की अंबूबाईने हव्या तितक्या गवऱ्या न्याव्यात, आणि कुंडलिकने तितक्याच नव्या थापून, वाळवून त्या जागी बसवाव्यात. गवऱ्यांना शेण लागतं. अंबूबाईच्या म्हशीचं शेण अंबूबाईचं. कुंडलिकची जनावरं पासलीला. म्हणून वेल्ह्यातला पहिल्या नंबरचा बैलपारखी रोज उन्हं वर यायच्या आत डोक्याला मुंडासं आणि हातात पाटी घेऊन भोरच्या रस्त्याने शेण वेचत फिरू लागला. बैल दिसला की त्याची नजर सवयीने आधी शिंगांकडे जायची, मग तो ती मुद्दाम मागे न्यायचा.

बाजाराच्या दिवशी त्याला नेमका त्याचा चुलतभाऊ ज्ञानोबा भेटला. पासलीत कुंडलिकचा बैलाचा सल्ला न ऐकणारा हा एकच माणूस होता.

"कुंडलिक, हे काय रं?" ज्ञानोबाने पाटीत डोकावून विचारलं.

"शेन."

"ते दिसतंय. भोरात येऊन शेन गोळा करतुयास?"

"भोरातलं शेन येगळं असतं," कुंडलिक म्हणाला. "जनावरांना सरकी-पेंड मिळती."

"असं व्हय. चल, तुजं घर बघू."

"आज नको. कुलूप हाय."

"चावी कुनाकडं?"

"ती बी आत हाय."

ज्ञानोबाने पुढे काही विचारलं नाही. तो हसलाही नाही, आणि त्याचीच कुंडलिकला धास्ती वाटली. ज्ञानोबाची बहीण भोंगवलीलाच दिली होती. चारच दिवसांत भोंगवलीच्या विहिरीवर बातमी पोचली की फुलाचा बाप भोरच्या रस्त्यावर शेण वेचून पोट भरतो, आणि ज्या घराच्या एवढ्या गप्पा मारल्या त्याची चावीसुद्धा त्याच्याजवळ नाही.

निरोप आला. धोंडाबाई फुलाला घेऊन येत होती. घर पटलं तर पोर ठेवणार, नाही पटलं तर त्याच बैलगाडीने माघारी.

कुंडलिकने कंबर कसली. जिथे जिथे गवरी हलत होती तिथे चिखल भरला. वरून पांढरी माती फिरवली. तरी मधोमध, चुलीसमोर, परातीएवढी जागा घाईत बसवलेल्या ओल्या गवऱ्यांमुळे फुगून आली होती आणि तिला गिलावा धरत नव्हता. कुंडलिक बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने पेटीतून सगुणाची वाकळ काढली. तिने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. ती गेल्यापासून त्याने तिची घडी मोडली नव्हती. दोन खुंट्यांना बांधून त्याने ती भिंतीवर पसरली. घर एकदम राहतं वाटू लागलं. तो थोडा वेळ बाहेर जाऊन बसला.

गाडी दुपारी आली. धोंडाबाई उतरली ती सरळ आत गेली. तिने डेऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. चुलीचा धूर कुठे जाईल ते पाहिलं. जमीन पायाने दाबली, बाज कुठे टाकायची ते मनात मोजलं. ही बाई घर बैलासारखं बघत नव्हती, घरासारखं बघत होती.

"भिंतीला वाकळ का टांगलीया इवाई?"

"सगुणाची हाय," कुंडलिक म्हणाला.

हे खरंच होतं. धोंडाबाईने पदर सावरला आणि ती खाली बसली. फुला मात्र वाकळीजवळ गेली. एका चौकोनावर तिने हात ठेवला. "ह्यो आईच्या हिरव्या लुगड्याचा," ती म्हणाली, आणि तिचा हात मनगटापर्यंत भिंतीत गेला.

तिने हात हळूच काढला. बापाकडे पाहिलं. बाप आढ्याकडे बघत होता. फुला मग शहाण्यासारखी वळली आणि त्या जागेला पाठ लावून उभी राहिली.

"बस की गं," धोंडाबाई म्हणाली. "अवघडलेली हाईस, उभी का?"

"हितं बरं वाटतंय आत्याबाई. गार लागतंय."

"गार भिंत बाळंतिणीला वाईट."

"गार म्हंजी, कोमट."

एवढ्यात अंबूबाईला पाहुणे आल्याचं कळलं. पाहुणे आले म्हणजे चहा आला, चहा म्हणजे चूल. ती मागच्या बाजूने सुरू झाली.

"आबा," फुला हळू आवाजात म्हणाली, "माज्या पाठीला काय तरी लागतंय."

"गप उभी ऱ्हा."

"ढोसतंय आबा."

"कोण ढोसतंय?" धोंडाबाई म्हणाली आणि उठली.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "कुंडलिक, पावन्यांना चा गुळाचा टाकू का साखरंचा?"

धोंडाबाईने फुलाला हाताला धरून बाजूला ओढलं, हे बरं झालं. वाकळ आधी पोटुशी झाली. मग खुंट्या सुटल्या, आणि भिंतीचा मधला भाग, गाडीतून पेंढा ओतावा तसा, फारसा आवाज न करता घरात आला. धूळ खाली बसली तेव्हा दाराएवढं भगदाड दिसलं. भगदाडात अंबूबाई पदराच्या ओट्यात गवऱ्या घेऊन उभी होती. तिच्या खांद्यावरून मारक्या म्हशीने आत डोकं घातलं आणि ती धोंडाबाईकडे पाहत रवंथ करत राहिली.

बाहेर गाडीवान बैल सोडू की नको म्हणून विचारत होता.

धोंडाबाई वाकली. तिने एक गवरी उचलली, उजेडात धरली आणि दोन्ही हातांनी मोडली. कट् आवाज झाला. तिने आतला भाग नखाने खरवडला, हुंगला. मग दुसरी उचलून मोडली.

"आतवर वाळल्यात," ती म्हणाली.

"खडखडीत हायेत," अंबूबाई म्हणाली. "पावसाचा थेंब लागू दिला न्हाई."

धोंडाबाई जमिनीवरच्या ढिगाकडे आणि उरलेल्या भिंतीकडे बघत राहिली. "माजी तिन्ही बाळंतपनं सरावनात झाली," ती म्हणाली. "घरात समदं जळन ओलं. शेकायला इस्तू न्हाई, नुसता धूर. थोरल्याच्या डोळ्याला अजून पानी येतं. म्या तवाच म्हनले हुते, माझ्या सुनंला असं हू द्यायचं न्हाई. त्याच काळजीनं मी हिला हिकडं धाडत न्हवते. बापय मानसाला जळनाचं काय कळनार?" ती कुंडलिककडे वळली. "इवाई, तुमी शेन येचत फिरता म्हनून ज्ञानोबाच्या भनीनं गावभर केलं. ते ह्येच्यासाठी व्हय?"

कुंडलिकने विचार केला. शेण त्याने भिंतीसाठी वेचलं होतं. भिंत फुलासाठी होती. यात खोटं काहीच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.

मग त्याने अंबूबाईकडे पाहिलं. गवऱ्या तिच्या होत्या, आणि अंबूबाई आपली गवरी सख्ख्या जावेलाही देत नसे, हे सगळ्या आळीला माहीत होतं. अंबूबाईने आपल्या ओट्याकडे पाहिलं, फुलाच्या पोटाकडे पाहिलं.

"त्येच्याच हायेत समद्या," ती म्हणाली. "म्या नुसत्या रचून दिल्या." तिने ओट्यातल्या गवऱ्या परत ढिगावर ठेवल्या आणि जाता जाता कुंडलिकच्या कानाशी म्हणाली, "भिंत मातर तू बांधायचीस. मातीची."

"बांधतो मावशी."

धोंडाबाईने बाहेर जाऊन गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं. चहा साखरेचा झाला.

फुला श्रावणात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बाहेर पावसाची झड लागली होती आणि घरात धूर म्हणून नव्हता. बाजेखालची शेगडी, अंघोळीचं पाणी, बाळाचा शेक, सगळं भिंतीवर चाललं. भिंत आधी खांद्याइतकी झाली, मग कमरेइतकी. उघड्या पडलेल्या जागेला कुंडलिक बांबूचे तट्टे लावत गेला. म्हैस अधूनमधून तट्टा सारून बाळाकडे बघून जाई. तिने कुणाला मारलं मात्र नाही.

धोंडाबाई भोंगवलीला ज्याला त्याला सांगू लागली की आमच्या इवायाने लेकीच्या बाळंतपणाला भिंतभर गवऱ्या रचल्या होत्या, हाताने शेण वेचून. ही गोष्ट वेल्ह्यापर्यंत गेली. भादव्यात ज्ञानोबा भोरात आला. त्याची धाकटी लेक रतनबाई पोटुशी होती. त्याने बराच वेळ पायातली वहाण चाचपली आणि मग विचारलं, "कुंडलिकदा, हुडवा रचायचा कसा, जरा सांगशील?"

कुंडलिकने त्याला चहा पाजला आणि सगळं समजावून सांगितलं. सांधा कसा चुकवायचा, गिलावा कधी द्यायचा, आणि आधी कोपरा का धरायचा. बैलांबद्दल तो आता कमी बोलतो.

फुला बाळाला घेऊन सासरी गेली तेव्हा सगुणाची वाकळ बाळाबरोबर गेली. अंबूबाई रोज सकाळी तट्टा सारून आत डोकावते आणि भिंतीचं विचारते. कुंडलिक सांगतो, माती भिजत घातलीय. माती अजून आणलेली नाही. मागची भिंत बांधायची राहिली आहे.