बी विंगचे व्याही

व्याह्यांची बडदास्त कशी ठेवायची, हे अंबादास गायकवाडांना कुणी शिकवायची गरजच नव्हती! टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेला माणूस. माणसं जोडणं आपल्या रक्तातच आहे, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यामुळे लिस्बनला नोकरी करणारी रुचिरा फोनवर म्हणाली, "बाबा, मी आणि टियागो लग्नाचा विचार करतोय. त्याचे आईबाबा भारत फिरायला येणार आहेत, आपल्याकडेही येतील," तेव्हा सुलक्षणाबाईंना दरदरून घाम फुटला, पण अंबादासराव खुर्चीत रेलून म्हणाले, "येऊ देत! मुलुंड काय चीज आहे ते पोर्तुगालला कळू दे एकदा!"

कधी येणार, हे विचारायचं मात्र दोघंही विसरले.

त्यानंतरच्याच रविवारी सकाळी बेल वाजली. अंबादासरावांनी लुंगी-बनियनवरच दार उघडलं आणि जागच्या जागी ताठ झाले. दारात एक गोरा म्हातारा आणि एक गोरी म्हातारी. पाठीवर घरातलं कपाट उचलून आणल्यासारख्या सॅका. उन्हाने दोघंही उकडलेल्या कोळंबीसारखी लाल.

"फोर झिरो टू?" म्हाताऱ्याने मोबाइलकडे बघत विचारलं.

"येस, येस! वेलकम!" अंबादासरावांनी लुंगी सावरली. "पोर्तुगाल?"

म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला. "पोर्तुगाल? ओ येस! व्हेरी ब्यूटिफुल!"

झालं! आणखी काय पुरावा हवा होता?

"अगं ए, आले!" अंबादासराव आत ओरडले. "पाणी आण! आणि माझा शर्ट आण!"

पाहुणे आत आले. हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे म्हातारीने हात जोडले, तसे अंबादासराव विरघळलेच. "बघ, माणसं किती चांगली आहेत!"

"रुचिराला फोन करून विचारा तरी," सुलक्षणाबाई कुजबुजल्या.

"तिकडे अजून उजाडलं नसेल. झोपू दे पोरीला."

म्हाताऱ्याचं नाव लास्लो, म्हातारीचं इलोना. इंग्रजी दोघांचंही अंबादासरावांच्याच तोडीचं, म्हणजे दोन्हीकडून आत्मविश्वास भरपूर आणि शब्द कमी. दोघांनी पोहे चाटूनपुसून खाल्ले. मग लास्लो सरळ बेडरूममध्ये गेला आणि पलंगावर सगळं सामान पसरून मोकळा झाला. इलोनाने कपड्यांचं गाठोडं बाहेर काढलं आणि विचारलं, "वॉशिंग मशीन?"

सुलक्षणाबाईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, पहिल्याच भेटीत व्याह्यांची धुणी?"

"परदेशातली माणसं मोकळी असतात गं! याला आपलेपणा म्हणतात."

तासाभरात गायकवाडांच्या बाल्कनीत हंगेरीतले पायजमे फडकू लागले. ते हंगेरीतले आहेत हे अर्थात तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं!

आता मुद्द्याचं बोलायला हवं, असं ठरवून अंबादासरावांनी घसा खाकरला. "मॅरेज?"

लास्लोने बायकोचा हात हातात घेतला आणि लाजला. "फॉर्टी!"

"चाळीस?" अंबादासरावांना धक्काच बसला. "चाळीस माणसांत लग्न उरकणार? आमची नुसती भावकी चारशे आहे!" मग इंग्रजीत म्हणाले, "नो नो! फोर हंड्रेड!"

"फोर हंड्रेड?" लास्लोने घाबरून बायकोकडे बघितलं.

"मिनिमम!"

सुलक्षणाबाईंनी मग कपाटातून मोरपंखी साडी काढली. साखरपुड्यात रुचिराच्या सासूला द्यायची म्हणून जपून ठेवलेली. ती इलोनाच्या खांद्यावर टाकली मात्र, म्हातारीने त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायलाच सुरुवात केली. तुटक्या इंग्रजीतून एवढंच कळलं की भारतात आल्यापासून तिचं पोट बिघडलेलं, एक बॅग हरवलेली, रोज नवी खोली. घर असं आजच दिसलं. सुलक्षणाबाईंचेही डोळे भरले. एवढी हळवी सासू पोरीला मिळतेय, आणखी काय हवं!

अंबादासरावांनी त्या मिठीचा फोटो काढून लिस्बनला धाडला. खाली लिहिलं, 'तुझी सासू!'

लगेच व्हिडिओ कॉल. "बाबा, हे कोण आहेत?"

"कोण म्हणजे? टियागोचे आईबाबा!"

"ते माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात! अजून तिकीटसुद्धा काढलेलं नाही त्यांनी! बाबा, तुम्ही माझं लग्न कुणाच्या घरात ठरवलंत?"

इतक्यात दाराची बेल वाजली. बी विंगमधली चेतना. घरातली एक खोली ती फिरायला येणाऱ्या परदेशी लोकांना भाड्याने द्यायची. रडकुंडीला आली होती बिचारी.

"काका, हंगेरीहून माझे पाहुणे येणार होते. वॉचमन म्हणतो तुमच्या ए विंगमध्ये वर गेले. फोन उचलत नाहीत. बी विंग, चारशे दोन..." तेवढ्यात तिची नजर बाल्कनीतल्या पायजम्यांवर गेली. "काका!"

चेतनाने लास्लोला इंग्रजीत नीट समजावलं. तो आधीच लाल होता, आता जांभळा झाला. भराभर सॅक भरू लागला. इलोनाने साडीची घडी घालून ती दोन्ही हातांनी सुलक्षणाबाईंपुढे धरली. अंबादासराव भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये असं काही डोकं घालून उभे होते, की जणू तिथून बाहेर पडायला रस्ता आहे.

सुलक्षणाबाईंनी साडीकडे बघितलं, म्हातारीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि साडी परत तिच्याच खांद्यावर टाकली.

"व्याही नसले म्हणून काय झालं? मटण शिजतंय गॅसवर. जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही. चेतना, तूही बस. अहो, कॅलेंडर सोडा आणि ताटं घ्या!"

जेवण जोरात झालं. पहिल्याच घासाला लास्लोच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने दोनदा रस्सा मागून घेतला. चेतना खोली तयार करायला पुढे गेली.

बराच वेळ झाला तरी पाहुणे येईनात, म्हणून ती परत आली. अंबादासरावांनी दार हळूच किलकिलं केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आवाज नको करू. आत्ताच डोळा लागलाय."

"पाहुण्यांचा?"

"नाही गं, तुझ्या काकूचा," अंबादासराव ओशाळून म्हणाले. "पाहुणे भांडी घासतायत. ऐकतच नाहीत!"