बैलबाजारात कवळी

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. घोडेगावच्या बैलबाजारात भिमाजी दलालाच्या तोंडात एकच दात उरला होता, आणि त्या एका दाताच्या आधारानं त्याची सगळी दलाली उभी होती. बाकीचे दात दीड-दोन वर्षांत एकेक करून गेले, जेवणावळ उठल्यावर पान खाऊन पाहुणे जातात तसे. निरोपसुद्धा नाही.

दलालाचं काम ते काय? बैलाचा जबडा उघडायचा, दात मोजायचे आणि चारचौघांत खणखणीत सांगायचं, "चारदाती!" "सहादाती!" बैलाचं वय दातांवरून कळतं. दलालानं सांगितलं की परमुलखातला माणूस डोळे मिटून कासरा हातात घेतो. तीस वर्षं भिमाजीचा शब्द खोटा ठरला नव्हता. पण हल्ली त्याच्या शब्दात शब्द थोडा आणि वारा जास्त.

एका बाजारी तो जबडा उघडायला गेला आणि बैलानं मान झटकली. शिंग लागलं नाही, नुसतं नाक लागलं. तेवढ्यानं शेवटचा दात धुळीत पडला.

"अण्णा आदत झालं रं!" काकासाहेब ओरडला. (ज्या खोंडाला अजून पक्के दात आले नाहीत त्याला बाजारात आदत म्हणतात.) हा काकासाहेब नवा दलाल, बाजारात येऊन दोन वर्षं झालेली, मिशी मात्र वीस वर्षांची. सगळा बाजार हसला. भिमाजीनं दात शोधला, पुसला, बंडीच्या खिशात घातला आणि तिथंच ठरवलं, नगरला जाऊन कवळी बसवायची. तीन आठवड्यांनी जामखेडचा कारभारी बैलजोडी घ्यायला येणार होता. मोठं गिऱ्हाईक. तो काकासाहेबाकडे गेला की त्याच्यामागून सगळं जामखेड जाणार आणि भिमाजीनं घरी बसून माश्या मोजायच्या.

"ह्या वयात तोंड नटवायचं?" घरी त्याची बायको गोजरबाई म्हणाली. "लोकं म्हन्त्याल, म्हातारा दुसरं लगीन करतोय."

नवऱ्यानं ऐकलं नाही. (ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.)

नगरचे दातांचे डॉक्टर थॉमस मोठे शांत गृहस्थ. त्यांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं.

"भिमाजीराव, घाई करू नका. दात नुकताच पडलाय. हिरडी तीन महिने बसू द्या, मग माप घेऊ, कवळी घट्ट बसेल. आत्ता केली तर हिरडी आटत जाईल आणि कवळी सैल पडेल."

"तीन म्हयनं? तवर कारभारी काकासाहेबाच्या बैलानं पेरनी करून मोकळा हुईल!"

"बरं, मग ऐका. एक जुनी तऱ्हा, लालसर रबराची. टिकते, पण जड आणि दिसायला वाईट. दुसरी नवी, गुलाबी प्लास्टिकची. हलकी, पण आपटली तर फुटते. वरची टाळूला चिकटून राहते. खालची मात्र जिभेनं आणि गालांनी सांभाळायला शिकावं लागतं."

भिमाजीला एवढंच कळलं की नग दोन आहेत आणि डॉक्टर दोन्ही गळ्यात मारतोय.

"वरची कशापायी? बैलाला वर म्होरं एक दात नसतो. खालच्या आठावर जलमभर कडबा खातो. मला खालचीच द्या."

"अहो, तुम्ही बैल नाही!"

"न्हाई. पर म्या खातोबी बैलापरीस कमीच."

"खालची एकटी तोंडात नाचेल."

"बरं, वरची द्या. पर खाली सहाच दात बशिवा. आठ म्हंजी जुळलेला, वय झाल्याला. सहा म्हंजी ऐन उमेदीतला!"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात भिमाजीनं आपलं उपरणं त्यांच्या हातावर टाकलं आणि आत हात घालून त्यांची बोटं दाबू लागला. बाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली, मुकाट्यानं. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा घाबरलाय. त्यांनी मायेनं त्याचा हात थोपटला. भिमाजीनं आणखी दाबलं, त्यांनी आणखी थोपटलं. प्रत्येक थोपटण्याला हा भाव चढवतोय असं धरून भिमाजीला दरदरून घाम फुटला आणि त्यानं सगळं कबूल करून टाकलं. वरची, खालची, गुलाबी, लवकरात लवकर. रंगाच्या बाबतीत मात्र तो हटला नाही. डॉक्टर म्हणाले, वयाला शोभेल असा पिवळसर घ्या. भिमाजीनं सगळ्यात पांढरा निवडला.

पंधरा दिवसांनी कवळी तोंडात आली. आरशात कोणी तरणा परका माणूस भिमाजीचा चेहरा घालून उभा होता.

बाजारच्या दिवशी कारभारी आला. पाथर्डीच्या बन्सीनं आपली खिल्लारी जोडी पुढं केली. भिमाजीनं जबडा उघडला आणि देवळातल्या घंटेसारखा शब्द काढला, "सहादाती!"

आसपासची माणसं वळून बघू लागली. भिमाजीची छाती फुगली. मग त्याच्या ध्यानात आलं, कारभारी बैलाकडे बघतच नाही. तो भिमाजीच्या तोंडाकडे बघतोय.

"अण्णा, हे दात कुटलं?"

"नगरचं. नवं हायेत."

"म्हंजी खोटं."

इथं भिमाजीनं चटकन तोंड मिटलं. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून तरणा म्हणून विकणारे लबाड असतात. तसल्या चौघांना भिमाजीनंच आजवर धरून बाजाराबाहेर काढलं होतं.

"जो सोताचं वय लपिवतो," कारभारी सावकाश म्हणाला, "त्यो बैलाचं न्हाई लपिवनार?"

"आता नगरात बैलाचीबी कवळी मिळती म्हनं!" काकासाहेबानं काडी टाकली.

झालं. कारभाऱ्यानं बैलाच्या तोंडात हात घालून दात ओढून बघितला. ते पाहून शेजारच्यानं आपल्या बैलाचा ओढला. बघता बघता अख्ख्या रांगेत माणसं बैलांचे दात उपटायला लागली. बैलांनी लाथा झाडल्या, दोन माणसं शेणात बसली, एक जोडी दावं तोडून थेट रस्त्याला लागली.

"माज्या खऱ्या दाताच्या बैलाची अब्रू घालिवली!" बन्सी भिमाजीच्या अंगावर धावून आला.

आता भिमाजीचं डोकंच चालेना. बैलाचे दात खरे आहेत, खोटे फक्त माझेच, हे जगाला दाखवायचं म्हणून त्यानं वरची-खालची अशा दोन्ही कवळ्या काढून तळहातावर धरल्या आणि खंडोबाची शपथ घेतली. पण कवळी हातात, तर शपथ कशानं घेणार? तोंडातून नुसता वारा आला. लोकांनी वारा ऐकला आणि तळहातावरचे अठ्ठावीस दात पाहिले.

"बघा! कबूलच केलं की!" कारभारी म्हणाला आणि काकासाहेबाच्या दावणीकडे चालू लागला. त्याच्यामागून बन्सी आपली जोडी घेऊन गेला. भिमाजी तिथंच उभा राहिला, हातात दात घेऊन. कुणी त्याच्याकडे कासरा पुढं केला नाही.

घरी आला तो चुलीपुढं मटकन बसला. कवळी तोंडात घातली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गोजरबाईला सांगितलं. डॉक्टर, कारभारी, बैल, शेण, शपथ. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

"तीस वर्साचा शबूद, गोजर! एका सकाळी मातीत गेला. आता माज्या बोलन्यावर कोन इश्वास ठिवील?"

गोजरबाईनं भाकरी तव्यावर उलटली.

"आदी ती कवळी काढा."

"का गं?"

"दीड वर्स झालं, तुमी काय बोलता त्यातलं एक अक्शर मला कळत नव्हतं," ती म्हणाली. "लई सुखाचं दिस हुतं."