बेसिनचं उद्घाटन होईपर्यंत

साहेब, जमुनाबाईच्या रक्तात जंतू तुम्ही सोडले. हातानं नाही, फितीनं.

आता शांतपणे सांगतो. उद्घाटनाआधी वापरलेली सार्वजनिक वस्तू उष्टी होते, हे आपल्या गोंदिया जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच तुमच्या दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात हात धुण्याचं नवं बेसिन होळीपासून गुलाबी फीत बांधून उभं आहे. नळाला पाणी आहे, बाटलीत साबण आहे, वर ‘हात धुवा, जीव वाचवा’ अशी पाटी आहे. (पाटीवर पेपर चिकटवलाय, अनावरण बाकी.) फक्त उद्घाटनाच्या पाहुण्यांची तारीख मिळत नाही. जुनं बेसिन होतं, ते नव्याचा मान राखायला उखडून टाकलं.

याच विभागात मुर्रीच्या जमुनाबाई. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, तोंडानं पाण्याचा थेंबही बंद. मानेच्या मोठ्या शिरेत नळी, नळीतून पांढरंशुभ्र अन्न थेट रक्तात. माणसाला जे पोसतं ते जंतूलाही पोसतं, म्हणून त्या नळीला धुतलेलाच हात लावावा, असं वैद्यकशास्त्र सांगतं. वैद्यकशास्त्राला मानपान कळत नाही.

भेटायला केशोरीहून गाडी भरून माणसं आली, फुलचूरहून आली. बाटलीत दूध आहे असं समजून प्रत्येकानं बाटलीला हात लावून कपाळाला लावला. जावई दुर्गाप्रसाद धानाचे जाणकार. थेंब लयच हळू पडून राहिला जी, म्हणत त्यांनी नळीचा जोडच पिळून पाहिला. (शेतातल्या बांधीत पाणी अडलं की ते असंच पाहतात.) नीतू सिस्टरनं त्यांना झापलं आणि जोड नीट बसवला. त्याच हातानं ती शेजारच्या पेशंटची जखम बांधून आली होती. धुणार कुठं?

जमुनाबाईला हुडहुडी भरून ताप आला.

पण तुमच्या दवाखान्यात नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग शून्य टक्के. हे यश सोपं नाही. त्यासाठी रक्त तपासायला पाठवायचंच नाही, असा निग्रह लागतो. तपासणी नाही म्हणून जंतू नाही, जंतू नाही म्हणून ताप हवामानाचा. (गेल्या वर्षी या एसी विभागात हवामानानं बरेच जण दगावले.)

जमुनाबाईची सून चेतना, बेसिन उघडा म्हणत, तुमच्या केबिनमध्ये आली. तुम्ही तिला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि पाहुणे येईपर्यंत हात स्वच्छ रुमालाला पुसायला सांगितलं.

“काऊन जी?” ती म्हणाली. “माही सासू तापानं फणफणून राहिली, अन् तुमी फीत जपून राहिले? तिले तिरडीवर ठेवल्यावर धुवू का हात?”

“प्रोटोकॉल आहे, बाई,” तुम्ही म्हणालात.

तिनं सरळ जाऊन फीत तोडली. कोपरापर्यंत हात धुतले, नीतूला ओढून आणलं. मग डॉक्टर हेमेंद्र आले, वॉर्डबॉय आले, झाडूवाल्या आल्या, शेवटी तुमचा शिपाईही आला. रांग जिन्यापर्यंत गेली. फेस उडत होता, लोक हसत होते, एकानं दोनदा नंबर लावला. त्याच धुतलेल्या हातांनी हेमेंद्रनं रक्त घेऊन बाहेर पाठवलं, नळी काढली, औषध सुरू केलं. रिपोर्टात जंतू निघाले. ताप उतरला. जमुनाबाईनं डोळे उघडले, जावयाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे पूर्ण शुद्धीवर आल्या.

इथं साहेब, तुमच्या चौकशी समितीला मुजरा. निष्कर्ष असा: फीत शाबूत होती तोवर संसर्ग शून्य, फीत तुटताच एक. सबब, संसर्गाचं कारण हात धुणे. चेतनाला नोटीस. बेसिनला नवी फीत, या खेपेला नायलॉनची.

जमुनाबाईच्या मानेत आता दुसरी नळी आहे. पोट अजून बंदच आहे, अन्न त्याच वाटेनं चाललंय. साहेब, ही नळी नासली तर हवामान कुठलं सांगणार? लेखी उत्तर द्या.

आणि वाचून हसणाऱ्यांनो, तुम्हीही थांबा. रविवारी गाडी करून तुम्ही भेटायला निघालाच आहात. मागच्या खेपेला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात आपल्या माणसाच्या खाटेशी गेलात, डोक्यावरून हात फिरवला, सलाईनला बोट लावून पाहिलं. हात धुतले होते?

तिथं तर फीत नव्हती. बोला.