पलंगावरून पाहिलेली शाळा

घरात तिला सगळे नादू म्हणत. सदा आपल्याच नादात असायची म्हणून. दूध उतू जायला लागलं की साय कशी अलगद वर येते याचं तिला कौतुक वाटायचं. गॅस बंद करायचा असतो, हे मागाहून आठवायचं. अशा मुलीनं नर्स व्हायचं ठरवलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "मग पेशंटकडे कोण बघणार?"

पण नादू हटली नाही. दोन इस्पितळांच्या नर्सिंग स्कूलमध्ये तिचं नाव लागलं आणि तिथेच घोडं अडलं. दोन्ही पत्रं आठ दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती. शुक्रवारी पाचच्या आत एका ठिकाणी जाऊन, प्राचार्यांना भेटून, प्रवेशाच्या वहीत सही करायची होती. नाही केली तर दोन्ही जागा जाणार आणि वर्ष पाण्यात.

"मोठ्यात जा," वडील म्हणाले. "अकरा मजले आहेत."

"मजले शिकवतात का?" आई म्हणाली. "जुन्यात जा. घराजवळ आहे. डबा विसरलीस तर आणून देता येईल."

मोठं इस्पितळ नादूनं गुरुवारी पाहिलं होतं. तिथे विद्यार्थिनींच्या सरावासाठी एक रबरी रुग्ण होता. तो डोळे मिचकावायचा, खोकायचा, बटण दाबलं की "छातीत दुखतंय" म्हणायचा. नादू त्याचा हात हातात घेऊन बसली ती उठेचना. दाखवायला आलेले साहेब अवघडले. "त्याला काही वाटत नाही हो," ते म्हणाले. "मग तो बिचारा खोटं का बोलतोय?" नादूनं विचारलं. साहेबांनी तिला उपाहारगृह दाखवायला नेलं.

शेवटी तिनं आत्याला फोन लावला. आत्यानं तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती आणि तिला गुळमुळीत बोलणं ठाऊक नव्हतं. "इमारती कसल्या बघतेस? शाळा कधी उभ्यानं कळत नाही, पलंगावरून कळते. पलंगावरून बघ!" आत्याला म्हणायचं होतं की रुग्णाच्या बाजूनं विचार कर. नादूनं ते जसंच्या तसं ऐकलं.

शुक्रवारी ती जुन्या इस्पितळात पोचली. प्राचार्यांची भेट तीन वाजता होती आणि अडीचच वाजले होते. लांबलचक व्हरांड्यात फिनेलचा वास होता आणि उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. एका उघड्या दारातून सहा पलंग दिसले. पांढऱ्याशुभ्र चादरी, कोपरे घडी घालून बसवलेले. खोलीत चिटपाखरू नव्हतं. पडदे वाऱ्यानं आत येत होते, बाहेर जात होते. नादू दारात उभी राहून ते बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या, कागदांची फाइल उशाखाली सरकवली आणि खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाली.

छत उंच होतं. पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची तिन्ही पाती मोजता येत होती. आजारी माणूस दिवसभर हेच बघत असेल, तिच्या मनात आलं. मग कुणीतरी येत असेल, आणि त्या येण्याची तो सकाळपासून वाट बघत असेल. आपण ते येणारं माणूस व्हायचं. या विचारानं तिला इतकं बरं वाटलं की तिचे डोळे मिटले.

आता या शाळेची एक रीत होती. इथे रबरी रुग्ण नव्हता. इथे पेशंटमावशी होत्या. साठी ओलांडलेल्या, गोलमटोल. दर शुक्रवारी तीन वाजता त्या येत, सरावाच्या खोलीत झोपत आणि सांगाल तो आजार वठवत. त्या दिवशीही त्या वेळेवर आल्या. त्यांनी खोलीत डोकावलं तर खिडकीजवळच्या त्यांच्या नेहमीच्या पलंगावर कुणी पोरगी गाढ झोपलेली. खरीखुरी पेशंट असेल, झोपमोड नको, असं म्हणून मावशी आपण कुठे झोपायचं ते विचारायला ऑफिसकडे वळल्या.

नादूला जाग आली तेव्हा भोवती बारा मुली वहीपेन घेऊन उभ्या होत्या आणि चष्मा लावलेल्या एक ट्यूटर सिस्टर तिच्याकडे वाकून बघत होत्या.

"मावशींनी आज भाचीला पाठवलं वाटतं," सिस्टर पुटपुटल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काय होतंय तुम्हाला?"

नादूनं घड्याळ बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं. म्हणजे हीच ती भेट! या शाळेत मुलाखत पलंगावर घेतात. आत्या म्हणाली ते काही उगाच नाही. तिनं मनापासून उत्तर दिलं.

"भीती वाटतेय."

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. झोप लागत नाही. दोन दोन दिसतात आणि कुठल्याकडे जावं कळत नाही."

"मुलींनो, लिहून घ्या," सिस्टर खूश होऊन म्हणाल्या. "इतका स्पष्ट बोलणारा पेशंट नशिबानं मिळतो. आता नाडी बघा. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन येते." आणि त्या बाहेर गेल्या.

दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. ओठ हलवत तिनं ठोके मोजले आणि म्हणाली, "छत्तीस."

"किती?" बाकीच्या अकरा जणी ओरडल्या.

भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : नाडी पन्नासच्या खाली गेल्यास थांबू नये, घंटा दाबावी. एकीनं घंटा दाबली. ही खोली पूर्वी वॉर्ड होती आणि तिच्या घंटेची तार कुणी कधी काढलीच नव्हती. घंटा थेट इस्पितळाच्या चालू वॉर्डात वाजली. दोन मिनिटांत एक डॉक्टर, दोन वॉर्डबॉय, ट्रॉली आणि ऑक्सिजनचा सिलिंडर अशी वरात दारात हजर झाली.

इतकी माणसं आपल्याच दिशेनं धावत येताना पाहून नादूच्या काळजात धस्स झालं. डॉक्टरांनी मनगट धरलं.

"एकशे तीस!"

"आत्ता छत्तीस होती!"

"छत्तीसवरून एकशे तीस? उचला!"

"अहो, मी पेशंट नाहीये!" नादू म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," एक वॉर्डबॉय प्रेमानं म्हणाला आणि तिला अल्लद ट्रॉलीवर ठेवलं.

ट्रॉली दारापर्यंत गेली तेवढ्यात ट्यूटर सिस्टर परतल्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. नादूचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे नजर लावली आणि पूर्ण एक मिनिट तशाच उभ्या राहिल्या. पडद्यांची सळसळ ऐकू येऊ लागली. तो हात कोरडा, उबदार होता. नादूला वाटलं, हे मिनिट संपूच नये.

"घाबरली आहे. बाकी ठणठणीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "छत्तीस कुणी मोजले?"

दोन वेण्यांची मुलगी रडायच्या बेतात होती. "मी, सिस्टर. अर्धंच मिनिट मोजले. आणि... दुप्पट करायचं राहिलं."

नादूला स्वतःची उतू गेलेली सगळी दुधं आठवली. अशा चुकीला इथे काय शिक्षा असते, तेवढं बघायचं बाकी होतं.

सिस्टरनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. "लिही. तारीख, चूक आणि पुढे काय करणार ते." मग वहीचं पहिलं पान उघडून त्यांनी वाचून दाखवलं, "पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवून त्याला नाव, पत्ता, मुलं किती ते विचारलं. पेशंट बोलत नाही, अशी नोंद केली." त्यांनी चष्मा सारखा केला. "ही माझी. सव्वीस वर्षं झाली. चूक लपवणारी नर्स मला नको. सांगणारी चालेल."

डॉक्टर हसले. "बाराव्या पानावर मी आहे," ते म्हणाले आणि सिलिंडर घेऊन वरात परत गेली.

ट्रॉलीवर बसल्या बसल्या नादूचं ठरलं. आठ दिवसांचं ओझं एका क्षणात उतरलं. शिकायचं तर इथेच, या वहीच्या सावलीत. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"छान काम केलंस हो," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी ताप हवा."

"सिस्टर, माझी मुलाखत कशी झाली?"

"कसली मुलाखत?"

नादू ट्रॉलीवरून उडी मारून उतरली. तिनं उशाखालची फाइल ओढली आणि अनवाणीच व्हरांड्यातून पळत सुटली.

प्राचार्यांच्या खोलीत पेशंटमावशी खुर्चीवर ऐसपैस बसल्या होत्या. प्राचार्या सोमवारीच रुजू झालेल्या. त्या रुमालानं डोळे टिपत होत्या.

"तीन वाजताची मी आहे," नादू धापा टाकत म्हणाली.

"तीन वाजताची यांची झाली. प्रवेशाच्या वहीत सहीसुद्धा केली त्यांनी."

वहीत नादूच्या नावासमोर मावशींची गिरगटलेली सही होती.

"मला काय ठाऊक!" मावशी म्हणाल्या. "मी विचारायला आले, तर या म्हणाल्या, तीन वाजताच्या ना, बसा. मला वाटलं, आजचा आजार बसून करायचा आहे."

"अहो, पण वय एकोणीस लिहिलंय," नादू म्हणाली.

"बघितलं मी," प्राचार्या ओशाळून म्हणाल्या. "पण बाईमाणसाला वयावरून कसं बोलायचं? आणि उत्तर काय दिलं त्यांनी! हीच शाळा का, असं विचारलं मी. तर म्हणाल्या, वीस वर्षांत मी इथे चार वेळा मेले. एकदाही कुणी माझा हात सोडला नाही."

"पाचव्यांदा वाचवलं मला पोरींनी," मावशी अभिमानानं म्हणाल्या.

प्राचार्यांनी मावशींची सही खोडली, पण वही नादूपुढे सरकवली नाही. "रीतसर विचारावं लागेल. हीच शाळा का?"

नादूनं तोंड उघडलं. दुपारपासूनचं सगळं एकदम ओठांवर आलं आणि त्यातलं काहीच धड बाहेर पडेना. "मावशी म्हणाल्या तेच," ती कशीबशी म्हणाली.

"तसं कसं चालेल? त्या चार वेळा मेल्यात. तुम्ही?"

"मी आज पहिल्यांदाच," नादू म्हणाली. "थोडक्यात वाचले."

प्राचार्यांनी तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या ट्यूटर सिस्टरकडे. सिस्टरनी हळूच मान हलवली. मावशींनी आपल्याच हातातलं पेन नादूच्या हातात दिलं, आणि तिची सही होईपर्यंत तिचा दुसरा हात धरून ठेवला.